तुमचे प्रश्न : महागाई शून्यावर आली म्हणे, कुणाची?

प्रश्न : ताई, मी नेरूळला राहते. ऑक्टोबर २०२५ ची महागाई फक्त ०.२५ टक्के असं बातम्यांत ऐकलं. आमच्याकडे मुलाच्या क्लासची फी वाढली, सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, कामवाल्या मावशींनी पैसे वाढवून घेतले. हे आकडे काढणारे राहतात तरी कुठे?

उत्तर : राहतात दिल्लीत, आणि आकडा खोटा नाहीये. फक्त तुम्ही त्याला जे विचारताय ते तो सांगतच नाही. महागाईचा दर म्हणजे वस्तू किती महाग आहे ते नाही, गेल्या वर्षी याच महिन्यात होती त्यापेक्षा किती वाढली एवढंच. आता गंमत बघा, ऑक्टोबर २०२४ ला देशात भाज्या वर्षभरात तब्बल ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या आणि मग ऑक्टोबर २०२५ ला साधारण साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे २०२३ ला जी भाजीची पिशवी १०० रुपयांत भरत होती ती २०२४ ला १४२ ला गेली आणि २०२५ ला परत १०३ वर आली. पेपरात "भाज्या २७ टक्के स्वस्त" असं छापून येतं पण तुम्ही दोन वर्षांपूर्वी द्यायचात त्यापेक्षा तीन रुपये जास्तच देताय, स्वस्ताई दिसणार कुठून?

दुसरं म्हणजे घरखर्चाच्या वस्तू-सेवांच्या ज्या टोपलीवर हा आकडा काढलाय ती २०१२ पायाभूत वर्षाची, तिच्यात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के. तुमच्या घरचा महिन्याचा हिशोब मांडा, फी, मेंटेनन्स, औषधं, ट्रेनचा पास, मोबाईल सगळं धरून जेवणखाण निम्म्याच्या जवळपास तरी जातं का? बहुतेक नाही. भाजी पडली की देशाचा आकडा धाडकन खाली येतो, तुमचा जेमतेम हलतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला त्याचाही थोडा हात आहेच. आणि हो, हा आकडा वाचून नाशिकचा कांदावाला शेतकरी खूश आहे असं समजू नका, वाशीच्या मार्केटात भाव पडतात तेव्हा ते पैसे त्याच्याच खिशातून जातात.

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहतो, एमपीएससीची तयारी करतोय. जुलै-सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत जीडीपी ८.२ टक्के वाढला. क्लासमधले सर म्हणाले नॉमिनल पण बघ. रिअल हीच खरी वाढ ना, मग नॉमिनल कशाला?

उत्तर : सर बरोबर बोलले. त्याच तिमाहीत नॉमिनल वाढ ८.७ टक्के होती, म्हणजे प्रत्यक्ष रुपयांत मोजलेली. त्यातून भाववाढ वजा केली की ८.२ राहतो, म्हणजे वजा केली फक्त अर्धा टक्का. ही वजाबाकी ज्या डिफ्लेटरने, म्हणजे भाववाढीच्या मापाने, झाली तो आपल्याकडे घाऊक किमतींवर बराच टेकलेला होता आणि घाऊक महागाई त्या तीन महिन्यांत शून्याच्या आसपासच घुटमळत होती. त्यामुळे रिअल आकडा चमकतो. वाढ खोटी आहे असं अजिबात म्हणत नाहीये मी, पण महागाई साडेचार-पाच टक्के असतानाचे ८.२ आणि महागाई झोपलेली असतानाचे ८.२ हे एकाच मापाने तोलू नकोस एवढंच.

आता खरा मुद्दा, जो पुस्तकात तीन वेगळ्या धड्यांत विभागून दिलेला असतो म्हणून मुलांच्या डोक्यात जुळत नाही. सरकारला टॅक्स मिळतो तो रिअलवर नाही, रुपयांवर. जीएसटी बिलाच्या रकमेवर लागतो, इन्कम टॅक्स पगाराच्या आकड्यावर. २०२५-२६ च्या बजेटमध्ये नॉमिनल वाढ १०.१ टक्के होईल असं धरून सगळा हिशोब मांडला होता. म्हणजे ज्या ८.२ साठी टाळ्या पडल्या त्याच तिमाहीचा ८.७ अर्थ खात्याला कमीच पडला असणार. वर त्याच वर्षी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा टॅक्स माफ केला आणि जीएसटी पण कापला. तूट, म्हणजे खर्चाला कमी पडतात म्हणून उधार घ्यायचे पैसे, जीडीपीच्या ४.४ टक्के ठेवायचं टार्गेट, आणि तो जीडीपीही नॉमिनलच असतो, तो छोटा निघाला की तेवढ्याच रुपयांची तूट टक्क्यांत मोठी दिसते. म्हणून महागाई कमी, वाढ जोरात आणि तिजोरीची ओढाताण हे तिन्ही एकाच वेळी होऊ शकतं, आणि ते एकमेकांमुळेच होतं. मुख्य परीक्षेत एवढं जरी नीट लिहिलंस तरी पेपर तपासणारा दोन मिनिटं थांबेल.

प्रश्न : कोपरीहून लिहितोय, बँकेतून निवृत्त. जपानवर जीडीपीच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे तरी ताठ उभा, आणि श्रीलंका त्याहून कितीतरी कमी कर्जात बुडाली. असं का?

उत्तर : काका, तुम्ही बँकेत होतात म्हणजे अर्धं उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे, कर्ज किती यापेक्षा कुणाचं आणि कुठल्या चलनात हे आधी विचारायचं. जपानचं कर्ज येनमध्ये, कर्ज देणारे बहुतांश घरचेच, आणि जवळजवळ निम्मे रोखे (सरकारने कर्ज घेताना दिलेले कागद) त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडेच. श्रीलंकेने डॉलरमध्ये रोखे काढले होते आणि डॉलर काही कोलंबोत छापता येत नाहीत. २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ वरून थेट ८ टक्क्यांवर आणला, उत्पन्न आटलं, मग कोव्हिडने पर्यटन गेलं, २०२१ ला रासायनिक खतांवर बंदी घालून शेतीचं वाटोळं केलं, आणि एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. महागाई पुढे ७० टक्क्यांच्या घरात गेली.

आपलं कर्ज बहुतांश रुपयात आणि घरातल्याच बँका-विमा कंपन्यांकडे, त्यामुळे श्रीलंका होणार म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांना शांत बसवा. पण निवांतही राहू नका, केंद्राच्या एकूण खर्चातला साधारण चौथा हिस्सा नुसत्या व्याजात जातो. मला खटकतं ते हे.

प्रश्न : ऐरोलीत आयटीत आहे. व्याजदर जास्त असल्यामुळेच महागाई होते, दर पाडा की महागाई पडेल, असं ऑफिसमधला एक मित्र ठासून सांगतो.

उत्तर : तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांचंही हेच म्हणणं होतं. दर पाडत पाडत २०२३ च्या सुरुवातीला ८.५ टक्क्यांवर आणला, तोवर ऑक्टोबर २०२२ ला महागाई ८५ टक्क्यांवर जाऊन आली होती. निवडणूक झाली, टीम बदलली आणि मार्च २०२४ ला दर ५० टक्के. मित्राला पाठवा.

प्रश्न : कळव्याहून. लाडकी बहीणचे १५०० मला मिळतात. त्यामुळे राज्य दिवाळखोर होईल असं दीर जेवताना रोज ऐकवतात. खरंय का?

उत्तर : दिवाळखोर नाही, पण दीरांची काळजी अगदीच हवेतली नाहीये. योजना आली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सरकारनेच सांगितलं होतं. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये महसुली तूटही जवळजवळ तेवढीच, ४५ हजार कोटींच्या वर. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च उधारीवर. कर्ज काढून मेट्रो बांधली तर ती तीस-चाळीस वर्षं चालते, कर्ज काढून दर महिन्याचा खर्च भागवला की पुढच्या महिन्याला परत कर्ज. आणि राज्याला नोटा छापता येत नाहीत, जास्तीचं कर्ज काढायचं तर केंद्राची परवानगी लागते. तरी एक सांगते, बाईच्या खात्यात थेट येणाऱ्या १५०० रुपयांवर जेवढी चर्चा होते तेवढी बाकीच्या सवलतींवर जेवताना होते का हे दीरांना विचारा.

प्रश्न : खारघरला फ्लॅट घेतलाय. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५ वरून ५.२५ वर आला, माझा ईएमआय एक रुपयाने कमी झाला नाही.

उत्तर : आधी स्टेटमेंट उघडून व्याजदर बघा, ईएमआय नाही. दर उतरला की बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, तसं असेल तर फायदा मिळालाय, फक्त दिसत नाहीये. दरही तोच असेल तर कर्ज कशाला जोडलंय ते विचारा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या, होम लोनना रेपोसारखा बाहेरचा दर जोडावा लागतो, पण जुनं एमसीएलआरवालं, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दराला जोडलेलं, कर्ज असेल किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर ही सक्ती नाही. लेखी अर्ज द्या, थोडी फी भरून बदलून मिळतं, आणि टाळाटाळ झाली तर दुसऱ्या बँकेचं ट्रान्सफरचं कोटेशन घेऊन जा. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनवर मुदतीआधी फेडायचा दंड लावता येत नाही, तेवढं ब्रँचमध्ये बोलताना लक्षात असू द्या.