आग लागली त्या महिन्याचा आकडा

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी जनसंपर्काचं काम बघते. आमची एजन्सी दर महिन्याला अहवाल देते. गेल्या महिन्यात आलं, '१८ बातम्या, जाहिरातमूल्य ४२ लाख'. साहेब खूश. पण फायनान्सवाल्यांनी विचारलं, "हे ४२ लाख कुठल्या खात्यात जमा झाले?" मला उत्तर देता आलं नाही. बातम्यांना गुण द्यायची नीट पद्धत आहे का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : फायनान्सवाल्यांना माझा नमस्कार सांगा.

जाहिरातमूल्य म्हणजे काय, तर बातमीने व्यापलेली जागा कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजायची आणि रेट कार्डाच्या, म्हणजे वर्तमानपत्राच्या छापील जाहिरात-दरपत्रकाच्या, दराने गुणायची. काही एजन्स्या त्याला वर तीनानेही गुणतात. लोकांचा बातमीवर जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास असतो म्हणे. रेट कार्डाच्या दराने जाहिरात कोण घेतं हो?

मीही हे केलंय. चिंचवडच्या एका कारखान्यात असताना सकाळी सातला कात्री, डिंक आणि फूटपट्टी घेऊन बसायचो. एकदा गोदामाला आग लागली. पहिल्या पानावर चार कॉलम, वर धुराचा मोठा फोटो. मी इमानेइतबारे पट्टी लावली, आणि वर्षातलं सर्वांत मोठं जाहिरातमूल्य त्या महिन्यात निघालं! साहेबांनी कागद वाचला आणि काही न बोलता टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला.

मोजमापाच्या क्षेत्रातल्या 'एमेक' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बार्सिलोना परिषदेत २०१० मध्येच ठरलं, की जाहिरातमूल्य ही जनसंपर्काची किंमत नव्हे. आपल्याकडे ते अजून सुखाने नांदतंय.

तुम्ही असं करा. आधी साहेबांना विचारा, बातमी कोणी वाचायला हवी? डिप्लोमा झालेली मुलं नोकरीला हवी असतील, तर मराठी दैनिकाच्या पिंपरी-चिंचवड पुरवणीला वजन ३ आणि दिल्लीच्या इंग्रजी अर्थदैनिकाला १. गुंतवणूकदार हवे असतील तर उलट. खप बघून वजन ठरवू नका.

मग प्रत्येक कात्रणाला गुण. मथळ्यात कंपनीचं नाव असेल तर ३, नुसता ओझरता उल्लेख असेल तर १. तुम्हाला सांगायचा असलेला मुद्दा छापून आला तर आणखी ३. फोटोला १, तुमच्या अधिकाऱ्याच्या विधानाला १. बेरजेला वजनाने गुणा. बातमी विरोधात असेल तर त्याच आकड्यामागे उणे चिन्ह. माझी आगीची बातमी या हिशेबात मथळा ३ आणि फोटो १ मिळून ४, वजन ३, म्हणजे उणे १२ झाली असती.

प्रेसनोट जशीच्या तशी पाच ठिकाणी छापून आली, तर मी ती एकच धरतो, सर्वांत जास्त वजनाच्या ठिकाणची. यावर एजन्सी भांडेल. भांडू द्या. वेबसाइटचे महिन्याचे एकूण वाचक तुमच्या बातमीच्या नावावर लावू देऊ नका, ते सगळे तिथे पंपांबद्दल वाचायला येत नाहीत.

बातमी अनुकूल की प्रतिकूल, हे एकट्याने ठरवू नका. वीस कात्रणं सहकाऱ्याला द्या, एकमेकांचे गुण न बघता दोघांनी मोजा. तीन-चार ठिकाणी फरक पडणारच. जास्त पडला तर नियमच मोघम आहेत, ते आधी सुधारा.

नवा आकडा ४२ लाखांच्या शेजारी केविलवाणा दिसेल. म्हणून मागच्या सहा महिन्यांची कात्रणंही याच मापाने मोजून ठेवा, आणि साहेबांकडे दोन्ही कागद एकदमच न्या.