अभयारण्याच्या वेशीवर खाण : तुमचे प्रश्न

प्रश्न : प्रस्तावित खाण अभयारण्यापासून दीड किलोमीटरवर आहे. बंदी फक्त एक किलोमीटरपर्यंतच आहे ना?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणीला मनाई कायम ठेवली, हे खरं. पण त्यापुढे मोकळं रान नाही. तुमच्या अभयारण्याची इको-सेन्सिटिव्ह झोनची (अभयारण्याभोवतीच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याची) अधिसूचना काढून वाचा; झोन त्याहून रुंद असू शकतो. वाघांचा भ्रमणमार्ग असेल तर अशा मार्गाची जमीन इतर कामाला वळवण्यावर बंधन घालणारं वन्यजीव कायद्याचं कलम ३८-ओ हाताशी ठेवा.

प्रश्न : जनसुनावणी पुढच्या महिन्यात आहे. काय बोलावं?

उत्तर : 'आमचा विरोध आहे' एवढंच बोलून खाली बसू नका. तिथे हात मोजत नाहीत, मुद्दे नोंदवतात. सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस लागते. तेवढ्यात पर्यावरण अहवालाचा, म्हणजे खाणीचे परिणाम मांडणाऱ्या अहवालाचा, मसुदा मिळवा आणि आधी प्राणी-पक्ष्यांची यादी उघडा. पाहणी फक्त मे महिन्यात झाली असेल तर हिवाळ्यात येणारे स्थलांतरित पक्षी त्यात दिसणारच कसे? 'हंगामी नाला' म्हटलेल्या ओढ्याला एप्रिलात पाणी असतं? तारखेसह फोटो जोडा. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर चक्क रशियातल्या खाणीचा मजकूर उचललेला सापडला होता! म्हणून परिशिष्टंसुद्धा वाचा, कंटाळा आला तरी.

लेखी निवेदन द्या, पोच घ्या. आणि लवकर उठू नका. इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं, नेमकी तेव्हाच गर्दी पांगलेली असते. आपला मुद्दा गाळलाय असं दिसलं तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

प्रश्न : नोकऱ्यांच्या आशेने निम्मं गाव खाणीच्या बाजूने आहे.

उत्तर : त्यांच्याशी भांडू नका, त्यांची आशा रास्त असते. सगळ्यांनी मिळून कंपनीला विचारा : कायम किती, कंत्राटी किती, किती वर्षांसाठी? उत्तर लेखी मागा.

प्रश्न : खाणीला पर्यावरण मंजुरी मिळून गेली. आता?

उत्तर : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायपीठात, ३० दिवसांत अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यानंतर ते दार बंद. जमीन वनातली असेल तर वनहक्क कायद्याखालचा ग्रामसभेचा ठराव तपासा, आपल्या नावावर भलताच ठराव जोडलेला नाही ना तेही बघा. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला होता.