प्रमोटरला कसं कळतं की आपण स्नायूत आहोत?

सगळ्या पेशींत डीएनए एकच, मग क्रिएटिन कायनेज या विकराचं स्नायूतलं जनुक (एमसीके) यकृतात गप्प का बसतं, असं तुम्ही विचारलंय. त्याच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात, 'स्नायू' अशी खूण कुठे असते?

तशी एकच खूण नसतेच. जनुकाच्या सुरुवातीलगतचा भाग पॉलिमरेझ (जनुकाची आरएनए प्रत काढणारं विकर) बसायची जागा देतो, पण एरवी बराचसा निष्क्रिय असतो. खरा जोर एन्हान्सरचा, म्हणजे जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा. उंदराच्या एमसीके जनुकात तो सुमारे १०५० ते १२५६ अक्षरं आधी, म्हणजे जेमतेम दोनशे अक्षरांचा तुकडा आहे. त्यात नियंत्रक प्रथिनं चिकटायच्या जागा आहेत: दोन ई-बॉक्स (स्नायूची जनुकं चालू करणाऱ्या मायोडी या प्रथिनासाठी), एक मेफ-२ या प्रथिनाची जागा, एक सीएआरजी बॉक्स (एसआरएफ या प्रथिनासाठी) आणि आणखी काही, सगळ्या दाटीवाटीने.

दाटी का लागते ते बघा. ई-बॉक्स म्हणजे सीए, मधे कुठलीही दोन अक्षरं, मग टीजी. चारच अक्षरं ठरलेली, त्यामुळे निव्वळ योगायोगाने तो सरासरी दर २५६ अक्षरांमागे सापडेल. एकट्या ई-बॉक्सवर विसंबलं तर मायोडी सगळीकडेच जनुकं चालू करत सुटेल. शेजारी मेफ-२ आणि एसआरएफ बसले, पी-३०० सारखी प्रथिनं येऊन क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) सैल झालं, तरच काम होतं.

मायोडीचा दरारा १९८७ सालापासूनचा. डेव्हिस, वाइनट्राउब आणि लासार यांनी त्याचा सीडीएनए (जनुकाच्या आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) फायब्रोब्लास्टमध्ये, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशींत, घातला आणि त्या पेशी स्नायूच्या वाटेला लागल्या. पण वाढत्या मायोब्लास्टमध्ये (स्नायूच्या पूर्वपेशींत) मायोडी असूनही एमसीके बंदच असतं, कारण आयडी प्रथिनं त्याचे जोडीदार, म्हणजे ई-प्रथिनं, अडवून धरतात. पेशींच्या खाद्यातलं सीरम कमी केलं की आयडी ओसरतं, मायोजेनिन हे मायोडीसारखंच प्रथिन येतं, पेशी जुळून मायोट्यूब (लांबट स्नायूपेशी) होऊ लागतात. म्हणून सी२सी१२ या उंदराच्या मायोब्लास्ट पेशींत एमसीके प्रमोटरला जोडलेलं चमकणारं रिपोर्टर जनुक चमकत नसेल तर ते वाहून नेणाऱ्या प्लाझमिडला (डीएनएच्या कड्याला) दोष देण्याआधी मायोट्यूब झाल्यात का ते बघा!

आता गंमत: हृदयात मायोडी नसतोच, तरी एमसीके तिथेही चालतं, तिथली भिस्त मेफ-२, एसआरएफ वगैरेंवर. त्यामुळे 'स्नायू-विशिष्ट प्रमोटर' हे लेबल मला जरा फसवं वाटतं. एमसीके-क्रे उंदरात (ज्यात एमसीकेच्या प्रमोटरवर चालणारं क्रे विकर ठरवलेलं जनुक कापतं) हृदयातलं जनुकही कापलं जातं. फक्त कंकाल स्नायू हवा असेल तर कंकाल अ‍ॅक्टिनचा प्रमोटर घेतात. उलट ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या जीन थेरपीत हृदयही वाचवायचं असतं, म्हणून एमएचसीके-७ या कृत्रिम प्रमोटरमध्ये एमसीकेच्या तुकड्यांना हृदयातल्या अल्फा-मायोसिनचा एन्हान्सर मुद्दाम जोडलेला आहे.