उत्तर: प्रोजेक्शन १७ दाखवतं आणि रिसीव्हर ३ वर आटपतो, असं का?

डॅलसवाले, तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या. फँटसी फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंची आपण बनवलेली टीम, त्यांच्या मॅचमधल्या कामगिरीवर आपले पॉइंट) ॲपचं प्रोजेक्शन, म्हणजे आधीचा अंदाज, म्हणालं १७, तुमच्या रिसीव्हरने (पास पकडणारा खेळाडू) आणले ३, त्याच्या आदल्या रविवारी त्यानेच दोन टचडाउन (गोलरेषेपार बॉल, सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे) मारले होते, आणि तुम्ही एक्सेलमध्ये मागच्या चार मॅचच्या पॉइंटची सरासरी काढून त्याला लाइनअपमध्ये घेतलं होतं. आता विचारताय की पद्धत कुठे चुकते आणि त्याला सोडून देऊ का. हाफ पीपीआर (प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट), स्नॅप (एकेक खेळी), वेव्हर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंची यादी, जिथून माणूस उचलता येतो) वगैरे तुम्हाला माहीतच आहे असं धरून चालतो. आणि आधीच सांगतो, मी कोणी डेटा सायंटिस्ट नाही, न्यू जर्सीत बसून ऑफिसच्या लीगमध्ये बरीच वर्षं हात पोळून घेतलेला माणूस आहे.

पहिलं म्हणजे पॉइंटची सरासरी काढणं बंद करा. पॉइंट हा निकाल आहे, आणि त्यात टचडाउनचा वाटा इतका मोठा असतो की चार मॅचमध्ये काही म्हणजे काहीच कळत नाही. बघायचं ते संधी किती मिळाली हे. म्हणजे क्रिकेटमध्ये सातव्या नंबरवर येणाऱ्याचा फॉर्म कितीही भारी असला तरी त्याला बॉलच बारा मिळणार असतील तर शतकाचा अंदाज बांधून काय उपयोग, तसंच हे. रिसीव्हर असेल तर टीमने पास टाकायचं ठरवलं तेव्हा तो किती वेळा रूटवर (पास घ्यायच्या ठरलेल्या वाटेवर) धावला, आणि त्यातल्या किती वेळा बॉल खरंच त्याच्याकडे आला (यालाच टार्गेट म्हणतात). रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) असेल तर कॅरी, म्हणजे बॉल घेऊन धावणं, किती, गोललाइनजवळ बॉल कोणाच्या हातात देतात, आणि थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) तो मैदानात असतो की बाहेर. हे आकडे आठवड्या-आठवड्याला बऱ्यापैकी टिकतात. टचडाउन टिकत नाहीत.

२०२३ चा पुका नाकुआ आठवा. रॅम्सचा नवा रिसीव्हर, एनएफएलच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पाचव्या राउंडचा पोरगा, पॉइंटचा इतिहास शून्य, तुमच्या एक्सेलमध्ये त्याच्या नावासमोर रिकामा चौकोन. टीमचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी, म्हणून पहिल्याच मॅचमध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध त्याला १५ टार्गेट मिळाले, १० कॅच, ११९ यार्ड, आणि टचडाउन एकही नाही. ज्यांनी फक्त पॉइंट बघितले ते म्हणाले ठीक आहे, एखादा दिवस असतो. ज्यांनी १५ हा आकडा बघितला त्यांनी मंगळवारी रात्रीच वेव्हरवर उडी मारली. सीझन संपला तेव्हा १०५ कॅच, १४८६ यार्ड, तेव्हाचे रूकीचे (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे) दोन्ही विक्रम त्याच्या नावावर.

दुसरं, तो १७ चा आकडा म्हणजे '१७ येतील' असं नसतं हो. ती सरासरी असते. खाली जाऊन जाऊन माणूस शून्यावर थांबतो, पण वर चाळीस-पन्नासपर्यंत रान मोकळं असतं, त्यामुळे एखाद-दोन राक्षसी मॅच सगळी सरासरी वर ओढून ठेवतात. जमार चेस या रिसीव्हरचा २०२४ चा सीझन घ्या, १७ मॅचमध्ये १७०८ यार्ड, म्हणजे मॅचला शंभर. पण त्यातले २६४ एकाच गुरुवारी रात्री बॉल्टिमोरविरुद्ध आले. ती एक मॅच काढली तर सरासरी नव्वदवर येते, आणि हा त्या वर्षी कॅच, यार्ड, टचडाउन तिन्हीत पहिला आलेला माणूस, तुमच्या-माझ्या बेंचवरच्या पोरांचं काय विचारता. त्यामुळे रिसीव्हर लोक निम्म्याहून जास्त रविवारी स्वतःच्या प्रोजेक्शनच्या खालीच राहिले तरी त्यात बिघडलेलं काही नसतं. एकच आकडा बघण्यापेक्षा मी वाईट दिवस किती आणि चांगला दिवस किती असे दोन लिहून ठेवतो. समोरचा तगडा असेल तर चांगल्या दिवसाचा आकडा मोठा असलेला माणूस खेळवतो, आणि आपण पुढे असलो तर वाईट दिवशीही सात-आठ आणून देणारा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. प्रोजेक्शन कितीचं आहे हे सगळे बघतात, कधीचं आहे हे कोणी बघत नाही.

एका डिसेंबरमध्ये आमच्या लीगची सेमीफायनल होती. माझा रनिंग बॅक आठवडाभर घोट्याच्या दुखापतीने क्वेश्चनेबल, म्हणजे खेळेल की नाही नक्की नाही. ईस्टर्न टाइमने एकची मॅच, म्हणजे इनॅक्टिव्हची (त्या मॅचला न खेळणाऱ्यांची) यादी नव्वद मिनिटं आधी, साडेअकराला येणार. त्याच वेळी मुलीच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन, नाटुकलीत ती झाड झाली होती आणि मी स्टेजमागे पडदा धरून उभा. मधे फोन काढून ॲप उघडलं, नावासमोर प्रोजेक्शन १५ च्या वर, ठळक हिरव्या अक्षरात. यादी येऊन गेलेली, तरी आकडा तसाच. साहजिकच मला वाटलं खेळतोय. आणि हे फुकटचं ॲप नव्हतं बरं का, 'ताजी प्रोजेक्शन' मिळतात म्हणून वर्षाचे पैसे भरून प्रीमियम घेतलं होतं. तो खेळलाच नाही. आकडा खाली आला तोवर मॅच सुरू होऊन माझी जागा लॉक झाली होती, आणि बेंचवर बसलेल्या त्याच्याच बॅकअपने मनसोक्त पॉइंट मारले, ते वेगळंच.

हरण्याचं सोडा. त्यानंतर त्यांच्या कस्टमर सपोर्टने जे केलं त्याने डोकं फिरलं. आधी बॉट, त्याला 'माणसाशी बोलायचंय' असं तीनतीनदा टाइप करा, मग 'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग दोन दिवस शांतता. मी पैसे परत मागतच नव्हतो. एवढंच विचारत होतो की तो आकडा शेवटचा कधी अपडेट झाला होता? साधा प्रश्न, उत्तरात एक वेळ लिहायची. उत्तर आलं की प्रोजेक्शन आम्हाला दुसरी कंपनी पुरवते आणि ती केवळ मनोरंजनासाठी असतात. पैसे घेताना जाहिरातीत 'जिंका', आणि हरलात की 'मनोरंजन'! पुन्हा विचारलं तर शब्दन् शब्द तेच कॉपी-पेस्ट, खाली फक्त नाव वेगळं. मग एके सकाळी 'तुमचं तिकीट सोडवण्यात आलं आहे' आणि सोबत किती स्टार देता म्हणून सर्व्हे. आजतागायत ती वेळ कळलेली नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसरी घेतली असती तरी वेगळं काही झालं असतं असं वाटत नाही.

तेव्हापासून माझा नियम, ज्या आकड्यावर वेळ लिहिलेली नाही तो आकडा शिळा समजायचा. बुधवार, गुरुवार, शुक्रवारचे प्रॅक्टिस रिपोर्ट स्वतः वाचायचे. बुधवारी सुट्टी दिली तर घाबरायचं कारण नाही, मोठ्या खेळाडूंना बऱ्याचदा नुसता आराम असतो. पण गुरुवारी अर्धी प्रॅक्टिस आणि शुक्रवारी काहीच नाही, असा उलटा प्रवास दिसला तर मी त्याला सरळ बाहेर धरतो, कोच कॅमेऱ्यासमोर काही का बोलेना. तुम्ही सेंट्रल टाइमवाले, तुमच्याकडे पहिल्या मॅचेसची यादी साडेदहालाच येते, तेव्हा अलार्म लावा आणि टीमचं अधिकृत अकाउंट उघडा, फँटसी ॲप नको.

२०२४ च्या पहिल्या आठवड्यात अख्ख्या अमेरिकेने हे बघितलं. सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक क्रिश्चन मॅकॅफ्री, बहुतेक फँटसी लीगमध्ये पहिल्या नंबरला उचललेला, सोमवारी रात्री जेट्सविरुद्धच्या मॅचला ऐन वेळी इनॅक्टिव्ह. त्याच्या जागी जॉर्डन मेसन, ज्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, २८ कॅरी, १४७ यार्ड आणि टचडाउन. म्हणजे बघा, खेळाडू बदलला, पण जागेला मिळणारी संधी तीच राहिली. आणि मॅच सोमवारी रात्री असल्यामुळे बऱ्याच जणांकडे बदली घ्यायला माणूसच उरला नव्हता, बाकीचे सगळे रविवारी खेळून मोकळे. यावरून एक बारकी टिप, उशिराच्या मॅचचा माणूस नेहमी फ्लेक्समध्ये ठेवा, रनिंग बॅकच्या जागेत नाही. ऐन वेळी तो बसला तर फ्लेक्समध्ये रिसीव्हर, टाइट एंड, कोणीही टाकता येतो. फुकटचा फायदा आहे आणि आमच्या लीगमधले अर्धे लोक अजून घेत नाहीत (घेऊही नयेत).

बाकी गोष्टी पटापट. टीम किती पॉइंट करेल याचा अंदाज बेटिंग लाइनमधून काढा, पैसे लावायचे नसले तरी. टोटल (दोन्ही टीमचे मिळून पॉइंट) ४७ आणि एक टीम ३ पॉइंटने फेव्हरिट असेल तर २५ आणि २२, एवढंच गणित. २५ वाल्या टीमचा रनिंग बॅक बरा, कारण पुढे असले की धावून घड्याळ संपवतात, आणि मागे पडलेली टीम पास टाकत सुटते. 'समोरचा डिफेन्स रिसीव्हरविरुद्ध २८ वा आहे' असल्या लाल-हिरव्या खुणांना सप्टेंबरमध्ये अजिबात भाव देऊ नका, दोन मॅचवर कसली आलीये क्रमवारी. हवामानात बर्फाचे फोटो बघून लोक घाबरतात, पण खरा त्रास वाऱ्याचा. ६ डिसेंबर २०२१ ला बफेलोमध्ये इतका वारा होता की पेट्रियट्सच्या मॅक जोन्सने अख्ख्या मॅचमध्ये फक्त ३ पास टाकले, आणि टीम १४-१० ने जिंकली! त्या दिवशी त्यांच्या रिसीव्हरचं प्रोजेक्शन कोणी काय काढलं असेल देव जाणे.

एक्सेलची आवड आहे तर एनएफएलव्हर्स या प्रकल्पाचा डेटा फुकट आहे, १९९९ पासूनचा प्रत्येक प्ले त्यात आहे, आर किंवा पायथन (प्रोग्रॅमिंगच्या भाषा) थोडंफार येत असेल तर एका शनिवारात टार्गेटचं टेबल बनतं. मॉडेल-बिडेल नंतर, आधी ते टेबल.

आणि पैशाचं म्हणाल तर जपून. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना खेळांवरच्या बेटिंगची मोकळीक दिल्यापासून आमच्या न्यू जर्सीत दर दोन मिनिटांना जाहिरात असते. खेळाडूच्या यार्डवर बेट लावणाऱ्यांनी एक बारीक अक्षरातला नियम वाचा, बहुतेक ठिकाणी खेळाडू एक स्नॅप जरी खेळला तरी बेट चालू धरली जाते. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) एरन रॉजर्स २०२३ मध्ये जेट्सकडून चार स्नॅप खेळून सीझनभरासाठी बाहेर गेला, तेव्हा कित्येकांना हा नियम पहिल्यांदा कळला. राज्याराज्यात कायदा वेगळा आहे, आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, तिकडे २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीच आहे, तेव्हा माझं ऐकून काही करू नका. मी स्वतः लीगच्या फीपलीकडे एक डॉलर लावत नाही.

तर तुमचा रिसीव्हर. तुम्हीच लिहिलंय की त्याच्याकडे बॉल ९ वेळा आला, त्यातले २ पकडले, २१ यार्ड. नऊ टार्गेट मिळणारा माणूस वेव्हरवर सोडलात तर तुमच्या लीगमधला कोणीतरी तुम्हाला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घालेल. आदल्या आठवड्यात टचडाउन दोन होते म्हणालात, पण टार्गेट किती होते ते लिहिलं नाहीत. ते बघा, आणि तो किती रूट धावला तेही बघा, रूट घटले असतील तर मग वेगळं बोलू. आणि त्यांचा क्वार्टरबॅक खांद्याला बर्फ लावून बसलेला दिसला होता म्हणालात, तर गुरुवारचा रिपोर्ट आला की इथे टाका, क्वार्टरबॅक खेळणार नसेल तर माझं वरचं 'सोडू नका' तसंच राहील पण या रविवारी बेंचवर.