इंजिन संपलं म्हणून मेकॅनिकल सोडायचं का? शिरोलीच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. नाव टाकत नाही, पण बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वीस वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, आणि काम सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं. पोरगं डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला, आणि ते म्हणतंय की इलेक्ट्रिक गाड्या आल्या, इंजिन संपलं, आता डिप्लोमा सोडून पुण्यात चार महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करतो, फी ८५ हजार, जॉब गॅरंटी. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच विचारलंय, "आणि माझं काय?"

डिप्लोमा सोडू देऊ नका. यावर घासाघीस नाही. एक वर्ष राहिलंय, पूर्ण झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, अप्रेंटिसशिप करता येते, अर्धवट सोडला तर हातात फक्त दहावी.

बाकी पोरगं सगळंच चुकीचं बोलत नाहीये हां. इलेक्ट्रिक गाडीला पिस्टन लागत नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही, तुमचं हेड पण नाही. पण ब्रेक लागतो, सस्पेन्शन लागतं, स्टीअरिंग लागतं, आणि वर मोटरचं हाऊसिंग, बॅटरीचा ट्रे, कंट्रोलरची केसिंग ही नवीन कामं आलीत, त्यातलं बरंचसं ॲल्युमिनियमचं. ते तुम्हाला मी काय सांगू, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) चुरा पडतो, ॲल्युमिनियम टूलला चिकटतं, टूल वेगळं, स्पीड वेगळा, आणि पातळ भिंतीचा जॉब (मशीनवरचा नग) जरा जास्त आवळला की वाकलाच. हे कोडिंगवाल्याला येणार नाही, तुम्हाला महिनाभरात येईल. तुमचं हेड कुठल्या गाडीला जातं ते मात्र पत्रात नाही आणि मला तेच आधी हवं होतं. टू-व्हीलर, रिक्षाचं असेल तर बदल दारात आलाय, ट्रॅक्टरचं नाहीतर जनरेटरचं असेल तर डिझेल काही उद्या जात नाही.

आणि कोल्हापूरला हे नवीन आहे का? उद्यमनगरातल्या एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारा. एके काळी तिथं ऑइल इंजिनं बनायची, शेताच्या पाण्याला, उसाच्या घाण्याला, मग गावोगाव लाइट आली, मोटर आली, आणि ऑइल इंजिनाचा खप पडला. बीड ओतणारे आणि लेथवर उभे राहणारे हात तेच होते, ते गाड्यांच्या कास्टिंगकडे वळले. सगळ्यांना जमलं असं नाही.

मी स्वतः ९६ साली ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईचं पेन. दोन वर्षांत ऑटोकॅड आलं आणि मी तीन महिने रुसून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. आमच्यातले एक काका, रेष अशी की छापील वाटावी, त्यांनी माउसला हात लावला नाही तो नाहीच. पण नुसता ऑटोकॅडचा क्लास करून आलेली पोरं पण आमच्याकडेच विचारायला यायची, सेक्शन (आतलं दाखवणारा छेद) कुठून कापू म्हणून, कारण ड्रॉइंग वाचायला कॉम्प्युटर शिकवत नाही.

आता त्या कोर्सचं. डेटा सायन्सला माझा विरोध नाही, चार महिन्यांत दहावी पास पोराला त्यात नोकरी मिळेल याला आहे. तिथं त्याच्या पुढं बीई, एमएस्सी झालेल्यांची रांग आहे, आणि २०२५ च्या जुलैत टीसीएसनेच सुमारे १२ हजार माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, म्हणजे अनुभवी लोकं पण बाजारात आहेत. गॅरंटी म्हणतात ना, मग नोकरी लागली नाही तर पैसे किती दिवसांत परत ते लेखी मागा, बघा चेहरा कसा पडतो. आणि "फी हप्त्याने भरा" म्हणाले तर नीट वाचा, बऱ्याचदा ते फायनान्स कंपनीचं लोन असतं, तुमच्या नावावर, पोरानं क्लास सोडला तरी हप्ता चालू.

त्याला डेटा खरंच आवडतो का, हे फुकटात बघता येतं. तुमच्या शॉपमध्ये बोअरच्या (भोकाच्या मापाच्या) रीडिंगचं रजिस्टर असेलच. मालकाला विचारून एका महिन्याची रीडिंग त्याला एक्सेलमध्ये टाकू द्या, आणि विचारा, इन्सर्ट (टूलची कापणारी धार) बदलल्यावर कितव्या जॉबपासून साइज सरकायला लागते? तुम्हाला उत्तर हाताला माहीत आहे, त्याला आकड्यातनं काढू दे. पायथन शिकायला एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असतात तिथं) कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. दोन रविवारात कंटाळला तर ८५ हजार वाचले, रमला तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथंच सापडला. सोबत पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि सेन्सर शिकू दे, मेकॅनिकलच्या पोरांना मल्टिमीटर धरता येत नाही आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना बेअरिंग बसवता येत नाही, दोन्ही येणाऱ्याला मेंटेनन्समधून कुणी सोडत नाही.

तुमचं म्हणाल तर नुसता ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) मारून थांबू नका. प्रोग्राम स्वतः लिहिता येत नसेल तर ते आधी, मग कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्राम बनवणारं), आणि क्वालिटीवाल्याशी गोड बोलून सीएमएम (जॉब मोजायचं मशीन) शिकून घ्या. शॉपला ॲल्युमिनियमचं एखादं ट्रायलचं काम आलं की "मी करतो" म्हणा, पहिले चार जॉब रिजेक्ट होतील, होऊ देत.

रजिस्टरचे फोटो बाहेर द्यायच्या आधी कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंग नंबर झाका. आणि क्लासला बुकिंग म्हणून काही भरून बसलाय का ते तुम्ही लिहिलं नाही. भरलं असेल तर पावतीच्या मागं रिफंडचं काय छापलंय त्याचा फोटो पाठवा, मग पुढचं बोलू.