निवृत्तीनंतरचा परदेशी मुक्काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. मुलगी अमेरिकेत आहे. आम्हा दोघांना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला आहे. पत्नीला मधुमेह आहे आणि यावल तालुक्यात थोडी शेती आहे. किती महिने राहावे आणि मागे कोणती व्यवस्था लावून जावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती दिवसांचा, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात. मुक्काम संपण्याची तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते आणि संकेतस्थळावर पाहता येते, म्हणून पोहोचल्याबरोबर मुलीकडून ती काढून घ्यावी. मुदतवाढीचा अर्ज ती तारीख उलटण्यापूर्वी करावा लागतो. परंतु पहिल्याच खेपेला त्या वाटेला न गेलेले बरे. आपण परतीची तारीख आधी ठरवावी, म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप तिच्याभोवती बसतात. एप्रिलच्या मध्यास निघून सप्टेंबरअखेर परतलात, तर भुसावळचा उन्हाळा टळतो आणि निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी आपण घरी असता. हा दाखला फोनवर चेहऱ्याची पडताळणी करून किंवा परदेशातून भारतीय वकिलातीमार्फतही देता येतो, पण ओळखीच्या बँकेत जाऊन सही करण्याइतके ते निर्वेध वाटत नाही.

शेतीचा विचार मात्र बारकाईने करावा. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद होण्यासाठी, कोणीतरी प्रत्यक्ष बांधावर उभे राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि खरिपाची ती वेळ साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमकी आपल्या गैरहजेरीत येते. नोंद राहून गेली की पुढे नुकसानभरपाई, विमा वा शासकीय खरेदी यांत अडचण येते. जमीन बटाईने देणार असाल, तर मुदत आणि वाटा कागदावर लिहून घ्यावा, मग करणारा सख्खा पुतण्या का असेना. मुखत्यारपत्र द्यायचे झाल्यास ते ठरावीक कामांपुरते करावे, त्यात विक्रीचा अधिकार देऊ नये आणि ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावे. ‘सर्व अधिकार’ असा ढोबळ मजकूर लिहून देण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिचे पुढे भाऊबंदकीत काय होते, हे सांगायला नको.

पत्नीच्या औषधांबाबत : रेल्वेच्या आरोग्य कार्डाचा तिकडे उपयोग नाही. प्रवासी विमा घेताना पूर्वीपासूनचा आजार अचानक बळावल्यास खर्च मिळतो की नाही, हे कलम स्वतः वाचावे. अनेक पॉलिसींत तो वगळलेला असतो आणि सत्तरीनंतर संरक्षणाची रक्कमही बहुधा कमी होते. औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि चिठ्ठीवर औषधातील मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे.

बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो ते सिम चालू ठेवून रोमिंग सुरू करून घ्यावे. बिबडे, कळण्याचे पीठ, काळा मसाला खुशाल न्या, पण सीमाशुल्काच्या तपासणीत खाद्यपदार्थ आहेत असे सांगा. परसात लावण्यासाठी भरताच्या वांग्याचे बी मात्र न्यायचे नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा कॅनडात असून वर्ष-दीड वर्ष तिकडे राहावे असा त्याचा आग्रह आहे. हे शक्य आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : शक्य आहे. साध्या अभ्यागत व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिनेच मिळतात, परंतु आई-वडील व आजी-आजोबांसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा आहे आणि २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे निमंत्रणपत्र, त्याच्या उत्पन्नाचा पुरावा, आपली वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. विम्याचा हप्ता वयानुसार चांगलाच चढतो, तेव्हा मुलाने आग्रह धरण्यापूर्वी तो आकडा काढावा. आपला नोव्हेंबर तिकडेच जाणार असल्याने, हयातीचा दाखला परदेशातून कोणत्या नमुन्यात चालेल, हे निघण्यापूर्वी आपले निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावे.