जनसुनावणी झाली नाही म्हणून पवनचक्की थांबेल का?

धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या डोंगरापासून जवळच राहणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. दीर आणि त्या मिळून सामाईक ३ एकर १० गुंठे जमीन. गावाच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. त्यांतली एक त्यांच्या वस्तीपासून सुमारे साडेतीनशे मीटरवर येणार आहे. तयार होणारी वीज नेण्यासाठी २२० केव्हीची लाइन त्यांच्या शेतातून जाते, आणि विहिरीच्या कडेला मनोऱ्यासाठी चार खुंट्या ठोकल्या आहेत. दिरांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘संमतीपत्र’ म्हणून सही केली, त्याचा एक चेक आला, तो ताईंनी अजून वटवलेला नाही. ग्रामपंचायतीने ना हरकत दिली, पण ग्रामसभा झालीच नाही. ताई विचारतात : एवढा मोठा प्रकल्प, पण पर्यावरणाची जनसुनावणी नाही, कसला अहवाल नाही. त्या मुद्द्यावर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जाऊन काम बंद करता येईल का?

ताई, तुम्हाला आवडणार नाही असे उत्तर आधी देतो, म्हणजे चुकीच्या दारात तुमचे सहा महिने जाणार नाहीत. जनसुनावणी झाली नाही, या एकाच कारणावरून हे काम थांबणार नाही. जनसुनावणी हा पर्यावरणीय मंजुरीचा भाग असतो, आणि ती मंजुरी कोणत्या प्रकल्पाला लागते, हे १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेतल्या परिशिष्टात ठरवून दिले आहे. खाणी, औष्णिक वीज केंद्रे, मोठी धरणे, सिमेंट कारखाने त्यात आहेत. पवनऊर्जा नाही, आणि वीज वाहून नेणारी लाइनही नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पवनऊर्जेला ‘पांढऱ्या’ गटात टाकले. त्या गटातल्या उद्योगाला मंडळाची संमतीही घ्यावी लागत नाही, फक्त कळवावे लागते. त्यामुळे कंपनीचा माणूस तुम्हाला ‘परवानगी लागतच नाही’ म्हणाला, ते या एका बाबतीत खरे आहे.

माझ्या मते हे चूक आहे. धूर निघत नाही म्हणून परिणामच नाही, असे होत नाही. माळावर पंधरा-वीस चक्क्या, त्यांचे रुंद रस्ते आणि शेताशेतांतून जाणारी लाइन असा प्रकल्प गावाला एकदाही समोर बसवून न विचारता उभा राहतो. चक्कीचा परिणाम कोणी तपासत नाही, लाइनचा तर नाहीच, आणि दोन्ही मिळून काय होते हे बघणे कोणाचेच काम नाही. पण न्यायालयात मी माझे मत मांडून तुमचे शेत वाचवू शकत नाही. तिथे कायदा कुठे लागू होतो तेच दाखवावे लागते, आणि तो चार ठिकाणी लागू होतो.

पहिले ठिकाण डोंगर. तुम्ही लिहिता की लाइनचे दोन-तीन मनोरे वनखात्याच्या हद्दीत आहेत. तसे असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमंजुरी हवी. (२०२३ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचे नाव बदलले आहे, मंजुरीची अट तशीच आहे.) असे प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर दिसतात. तिथे जिल्हा टाकून शोधा, आणि विभागीय वनाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्जही टाका. लाइन जर येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातून जात असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत प्रस्ताव जावा लागतो. त्या जंगलाकडे कोणी ओसाड माळ म्हणून बघू नये. २०२४ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे येऊन राहिला होता.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा, कारण यावर पुष्कळ अर्ज फेटाळले जातात. हरित न्यायाधिकरण फक्त त्याच्या कायद्याला जोडलेल्या यादीतल्या सात कायद्यांवर निकाल देते. वन संवर्धन कायदा त्यात आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा नाही आणि वीज कायदाही नाही. म्हणजे मंजुरीशिवाय वनजमिनीत झाडे तोडली तर पुण्याला जा, अभयारण्याचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, आणि तुमच्या मनोऱ्याच्या भरपाईसाठी या दोन्ही ठिकाणी नाही. न्यायाधिकरणाची मुदत वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची आहे, सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळतात. तोडणी सुरू झाली की त्या दिवसाचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

दुसरे ठिकाण तुमची वस्ती. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पवनऊर्जेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत आवाजाचा त्रास टाळण्यासाठी कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको असे म्हटले आहे. रस्ता, इमारत, उच्चदाबाची लाइन यांच्यासाठी वेगळा हिशेब आहे : चक्कीच्या मध्याची (जिथे पाती जोडलेली असतात तिथपर्यंतची) उंची, अधिक पात्याच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा, अधिक ५ मीटर. तुम्ही कळवलेले आकडे धरले तर १३० अधिक ७० अधिक ५, म्हणजे २०५ मीटर. कंपनी तुम्हाला हाच २०५ चा आकडा दाखवते आहे, कारण त्यात ती बसते. पण तुमचे घर राहते आहे, तिथे ५०० मीटर बघायचे, आणि साडेतीनशेवर ती बसत नाही.

ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, कायद्याचे कलम नव्हे, आणि समोरचा वकील हे पहिल्याच तारखेला सांगेल. म्हणून त्यांच्या जोडीला ध्वनिप्रदूषण नियम, २००० घ्या. ते पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत, बंधनकारक आहेत, आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. चक्की अजून उभी नाही, तेव्हा आत्ताच तालुका भूमी अभिलेख कार्यालयाकडून वस्ती ते पाया असे अंतर मोजून घ्या. ते कागद जोडून महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था), जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिघांना अर्ज द्या आणि तिघांची पोहोच घ्या. पाया भरल्यानंतर चक्की दीडशे मीटर सरकवायला कोणी तयार होत नाही, आज नकाशावर ती सरकवता येते.

तिसरे ठिकाण लाइन, आणि तुमचा खरा जोर इथे आहे. शेतात मनोरा घालताना जमीन संपादित होत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, फक्त वापर कायमचा बांधला जातो. मालकाची संमती न घेता मनोरा घालण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून येतो, आणि वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली शासनाने तसा लेखी आदेश दिला तरच तो वीज कंपनीला मिळतो. असा आदेश असेल तर मालकाची आधी संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पॉवरग्रिडविरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. पण आदेश नसेल तर चित्र पूर्ण उलटते. मग वीज कायद्याचे कलम ६७ आणि त्याखालचे २००६ चे नियम लागतात. त्यांत मालकाची संमती हवी, आणि मालकाने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. ते तुम्हाला ऐकून घेतात आणि भरपाई किंवा वार्षिक भाडे ठरवतात.

म्हणून कंपनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने एकच प्रश्न विचारा : या लाइनसाठी कलम १६४ चा आदेश आहे का, असल्यास प्रत द्या, आणि कलम ६८ ची (डोक्यावरून तारा नेण्यासाठीची) मंजुरीही दाखवा. खासगी पवनऊर्जा कंपनीची स्वतःची लाइन असेल तर हा आदेश आहे असे गृहीत धरू नका. उत्तर येईपर्यंत खड्डा घेऊ देणार नाही, असे त्याच पत्रात लिहा. खुंट्या मात्र उपटू नका, कामगारांशी हुज्जत नको. गुन्हा दाखल झाला की सगळी चर्चा त्याभोवतीच फिरते.

आदेश असला तरी मार्ग सुचवण्याचा हक्क जात नाही. विहिरीपासून मनोरा सरकवून बांधावर घेता येईल असे दाखवणारा कच्चा नकाशा, गट क्रमांक आणि विहिरीच्या नोंदीचा सातबारा जोडून द्या. खांब उभा राहण्याआधी अशी विनंती पुष्कळदा मान्य होते, हे मी अनेक शेतकऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

दिरांच्या सहीने घाबरू नका. जमीन सामाईक आहे, वाटणी झालेली नाही. एका सहहिस्सेदाराची सही दुसऱ्याचा हक्क संपवत नाही. शिवाय एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय टिकत नाही. त्या कागदाची झेरॉक्स दिरांकडून मागून घ्या, भांडून नव्हे. अशा कामात कंपनीपेक्षा घरातली फूट जास्त नुकसान करते. ग्रामपंचायतीच्या ना हरकतीचेही तसेच. ठरावाची नक्कल जरूर काढा, पण पंचायत तुमच्या शेतासाठी संमती देऊ शकत नाही.

आता पैसे. जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनसाठी मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई आहे. २२० केव्हीसाठी पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. तुमच्या शेतातून लाइन साधारण ९० मीटर जाते, म्हणजे पट्टा झाला ३,१५० चौरस मीटर, जवळपास ३१ गुंठे. १३० गुंठ्यांच्या शेतातला चौथा हिस्सा! त्याच्या ३० टक्के म्हणजे सव्वानऊ गुंठ्यांची किंमत. मनोऱ्याच्या चार पायांमधली जागा गुंठाभर असेल तर तिचे दोन गुंठे. तुम्हाला आलेला चेक फक्त ‘टॉवरचा’ आहे, पट्ट्याचा त्यात एक रुपयाही नाही. केंद्राची तत्त्वे राज्याने लागू करावी लागतात, म्हणून कोणत्या शासन निर्णयाने आणि कोणत्या रेडी रेकनर दराने आकडा काढला, हे लेखी मागा. पीक आणि झाडांची भरपाई याहून वेगळी, त्यासाठी पंचनामा तुमच्यासमोर झाला पाहिजे. चक्क्यांना जोडणाऱ्या ३३ केव्हीच्या लाइनला मात्र हे दर लागत नाहीत. ती तुमच्या बांधावरून जाणार असेल तर सही करण्याआधीच करार नीट करून घ्या.

कलम १६४ चा आदेश असेल आणि ठरलेली रक्कम अपुरी वाटली तर टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, त्याला तीन वर्षांची मुदत आहे. केरळ वीज मंडळविरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जमीन कुठे आहे, लाइन तिच्या कडेने जाते की मधून, तुकडा लहान की मोठा, हे पाहून किंमत किती घटली ते ठरवायचे. तुमची लाइन विहिरीजवळून, लहान तुकड्याच्या मधून जाते. हे न्यायाधीशांपुढे ठळकपणे मांडा.

चौथे ठिकाण गावात कोणाला सुचत नाही. अशा प्रकल्पांना पैसा अनेकदा आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांकडून येतो, आणि त्या कायद्याने लागत नसला तरी पर्यावरण व सामाजिक परिणामांचा अहवाल मागतात. कंपनीला कर्ज कोणी दिले ते शोधा. तशी संस्था असेल तर अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळू शकतो, आणि त्यात तुमच्या वस्तीचे अंतर काय लिहिले आहे ते तपासा. या संस्थांकडे तक्रार निवारणाची सोय असते आणि त्यांच्या पत्राला कंपनी लवकर उत्तर देते.

राहता राहिला चेक. फार दिवस थांबवून तो मुदतबाह्य होऊ देऊ नका, आणि मुकाट्याने वटवूही नका. आधी पत्र द्या : ‘ही रक्कम निषेध नोंदवून, हक्क राखून, अंशतः भरपाई म्हणून स्वीकारत आहे.’ त्या पत्राची पोहोच हातात आली की मगच बँकेत जा.